सुतकाच्या कार्डावर न लिहिलेली ओळ

पोस्टकार्ड उघडं असतं, त्यामुळे ते वाचणं ही काही चोरी नव्हे, असं माझं मत आहे. आमच्या पोस्टमास्तरांचं मत वेगळं आहे. पण वाचतात तेही. फक्त चष्मा काढून वाचतात, म्हणजे न वाचल्यासारखं दिसतं.

इसोगाईकाकांची कार्डं मात्र ते चष्मा लावून वाचत.

तोगावात, घाटाखालच्या या आमच्या गावात, मी सात वर्षं टपाल वाटतोय. शिकलो इथल्याच शाळेत. वर्गात आम्ही एकोणीस जण होतो, त्यातले सतरा शहरात गेले. उरलेल्या दोघांपैकी केंजी घाटातला बर्फ काढायची गाडी चालवतो, आणि दुसरा मी. त्यामुळे गावातला तरुण वर्ग म्हणून जे काही आहे ते आम्ही दोघंच.

नव्या वर्षाची कार्डं एक जानेवारीला सकाळी सगळ्यांच्या घरी एकदम पोचवायची असतात. लोक त्यावर बारा प्राण्यांपैकी त्या वर्षाचा जो असेल तो प्राणी काढतात, नातवंडांचे फोटो छापतात, खाली ‘यंदाही लोभ असावा’. इसोगाईकाकाही लोभ छापून घेत, आणि त्याखाली काळ्या बॉलपेनने एक ओळ लिहीत. डॉक्टर ओगिनोंना लिहिलेलं मला आठवतं : ‘पुढचा डावा टायर गुळगुळीत झालाय. तुम्ही पेशंटवर रागावता तसा मी रागावलोय असं समजा.’ देवळातल्या भिक्षूंना एकदा : ‘तुमचा ब्रेक घंटेच्या आधी ऐकू येतो.’ मला स्वतःला, नोकरी लागली त्या वर्षी : ‘आजोबांची गाडी चालवतोस, चांगलं आहे. आजोबा तेल बदलायचे.’

काकांचं गॅरेज देवळाखालच्या वळणावर. दोन गाड्या मावतील एवढी जागा, भिंतीवर पाने आकाराप्रमाणे टांगलेले, आणि जमीन इतकी स्वच्छ की आत जाताना बूट काढावेत की काय असा प्रश्न पडावा. माणूस बुटका, उजव्या अंगठ्याला नख नाही, बोलणं कमी. अशी दोनशेबारा कार्डं जात दर वर्षी. पत्ते सुमिएकाकू कुंचल्याने लिहीत, ती एक ओळ काका लिहीत. फोन करून गाडी आणा म्हणणं त्यांना उद्धट वाटे. जणू काही आपण धंदा मागतोय. वर्षातून एकदा कार्डावर, लोभाच्या खाली, ते चालतं. मग जानेवारीभर लोक ओशाळल्या चेहऱ्याने गाड्या घेऊन वळणावर हजर. अर्धं गाव त्या ओळीवर चालायचं म्हटलं तरी फार खोटं होणार नाही.

दुसरी त्यांची सवय म्हणजे गाडी परत देताना इंजिन धुऊन द्यायचं. काम साधा दिवा बदलण्याचं असलं तरी. वाफेने धुवायचं, फडक्याने पुसायचं, मग बॉनेट उघडून दाखवायचं. आमच्या भागात पासिंगच्या, म्हणजे दर दोन वर्षांनी होणाऱ्या सरकारी तपासणीच्या, आधी सगळेच गॅरेजवाले इंजिन धुतात, कारण तेलाचा थेंब पडताना दिसला तर गाडी नापास, नुसता ओलावा असेल तर पास. धुतलेल्या इंजिनावर त्या दिवशी ओलावासुद्धा दिसत नाही. काका मात्र पासिंगसाठी धूत नसत. पाहुण्याला परत पाठवताना त्याचे बूट पुसून ठेवतात ना, तसं ते होतं. निदान ते तसं समजत.

सोनोबे फुसाए ही वरच्या आळीतली आजी. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पाठीत वाकलेली, पण गाडीत बसली की सरळ होणारी. गाडी सत्तावीस वर्षं जुनी, गडद हिरवी. तिचे यजमान कानेओ यांनी ती नवी असताना घेतलेली. ते तीन वर्षांपासून घाटापलीकडच्या वृद्धाश्रमात होते. डोकं गेलेलं. बायको त्यांना स्वयंपाकघरातली बाई वाटे, आणि ते तिला अगदी अदबीने जेवण छान होतं म्हणून सांगत. गाडी मात्र ओळखीची. दर गुरुवारी अकराच्या सुमाराला खिडकीशी बसत, हिरवी गाडी फाटकातून वळली की ‘आली’ म्हणत आणि टोपी शोधायला लागत. मग आजी त्यांना खाली आणून चालकाच्या जागेवर बसवी. दहा मिनिटं, जागच्या जागी, इंजिन चालू ठेवून. स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवले की कधीकधी ते तिला नावाने हाक मारत. महिन्यातून एकदा म्हणा.

तेव्हा ‘आजी, आता नवी गाडी घ्या’ हे तिला सांगण्यात काही अर्थ नव्हता. मी एकदा सांगितलं होतं. ती म्हणाली, ‘तूच घे की. तुझी तर माझ्यापेक्षा खोकते.’

ऑक्टोबरात त्या गाडीचं पासिंग आलं. काकांनी बॉनेट उघडलं तर इंजिनाच्या मागच्या बाजूने तेल उतरलेलं. इंजिनाच्या डोक्यावर एक झाकण असतं, त्याला टॅपेट कव्हर म्हणतात. झाकण आणि इंजिन यांच्यामध्ये रबराची एक बारीक कड असते, ते पॅकिंग. नवं असताना ते बोटाला लवतं, पंचवीस वर्षं तापलं की वाळवलेल्या माशासारखं कडक होतं. तेल मग फटीतून पाझरतं. पाझरून जमिनीवर पडलं तर फक्त जमीन खराब. या गाडीत मात्र ते नेमकं धुराच्या गरम पाइपवर उतरत होतं. त्याने आधी वास येतो, मग धूर, आणि फारच वाईट दिवस असेल तर आग. या धंद्यातल्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं.

पॅकिंग बदलणं अर्ध्या दिवसाचं काम. पण त्या गाडीचं पॅकिंग बनायचं बंद होऊन जमाना झाला होता. जुना माल ठेवणाऱ्यांकडे शोधावं लागणार, महिना तरी जाणार. गाडी महिनाभर ठेवून घ्यायची म्हणजे चार गुरुवार. आजी नुसती गाडीच्या टपावर हात ठेवून उभी राहिली.

तेव्हा काकांनी, एरवी जे कधी करत नसत, ते केलं. कव्हरचे बोल्ट अर्धा अर्धा फेरा आवळले. कडक झालेलं रबर असं आवळलं की त्या दिवशी गळणं थांबतं, आणि पुढे केव्हातरी रबराला चीर जाते. मग त्यांनी इंजिन धुतलं, दिवसभर चालू ठेवलं, खाली पांढरा कागद अंथरला. कागद कोराच राहिला. गाडी पास झाली. आजीला त्यांनी सांगितलं की पॅकिंग आलं की कळवतो, आणि मधे जळका वास आला तर गाडी जागच्या जागी थांबवायची. आजी त्यांच्यापुढे तीनदा वाकली आणि गाडीपुढे एकदा.

पॅकिंगचं पार्सल नोव्हेंबरच्या अठरा तारखेला मीच नेऊन दिलं. ओसाकाहून आलेलं, चपटं, हलकं. काकांनी माझ्यासमोर फोडलं, रबर चिमटीत धरून टोकापासून टोकापर्यंत ओढलं, वास घेतला, आणि म्हणाले, ‘जिवंत आहे.’ त्याला ‘सोनोबे’ अशी चिठ्ठी बांधून त्यांनी ते दाराशेजारच्या खिळ्याला अडकवलं. आजीला फोन करायचं ठरवलं. फोनचा त्यांना कितीही संकोच असला तरी या वेळी करायचाच असं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमिएकाकू कार्डांचे पत्ते लिहायला शाई घोटत बसल्या होत्या, तिथेच कलंडल्या. विसाव्या तारखेला गेल्या.

ज्या घरात माणूस गेलं ते घर त्या वर्षी नव्या वर्षाची कार्डं पाठवत नाही. त्याऐवजी डिसेंबरच्या सुरुवातीला सुतकाचं कार्ड पाठवायचं. करड्या रंगाची कड, कोपऱ्यात कमळ, आणि छापील मजकूर : घरात दुःख झाल्याने यंदा शुभेच्छा देणार नाही, क्षमा असावी. त्यात पूर्णविरामसुद्धा घालत नाहीत, इतकं ते ठरलेलं असतं. आपलं म्हणून काही लिहायचं नाही.

काका ती कार्डं घ्यायला पोस्टात आले तेव्हा खिडकीवर मी होतो. दोनशेबारा मोजून दिली. त्यांनी एक कार्ड उचललं, उलटसुलट केलं, आणि कमळाच्या खाली जी दोन बोटं जागा असते तिथे अंगठा ठेवून विचारलं, ‘इथे एखादी ओळ लिहिली तर चालतं का रे?’

कुठली ओळ हे मला विचारावं लागलं नाही; आजीचं पॅकिंग अजून खिळ्यालाच होतं. मी म्हणालो, ‘काकूंच्या कार्डावर मोटारीचं तेल? काका, गाव हसेल. काकूही हसतील.’

मी ते त्यांना हसवायला म्हणालो होतो, आणि ते थोडं हसलेही. मग कार्ड गठ्ठ्यात परत घातलं, गठ्ठा नीट ठोकून एकसारखा केला आणि गेले. त्या वर्षी पत्तेही त्यांनीच लिहिले, बॉलपेनने.

आजीच्या घरी ते कार्ड मी टाकलं तेव्हा ती अंगणात होती. वाचलं, कपाळाला लावल्यासारखं केलं. मग मला म्हणाली की गाडीतून मासा भाजल्यासारखा वास येतोय, घाट चढताना जास्त. मी म्हटलं, काकांना सांगा की.

‘अरे, बायकोची राख अजून घरात आहे त्यांच्या,’ ती म्हणाली. ‘आणि मी तेल गळतंय म्हणून जाऊन उभी राहू? एकोणपन्नास दिवस होऊ देत. जानेवारीच्या सात तारखेला विधीला जाणारच आहे, तेव्हा हळूच विचारीन.’

काकांनी तिला दोनदा फोन केला, हे मला नंतर कळलं. दोन्ही वेळा निरोप टिपणारं यंत्र बोललं. म्हाताऱ्यांना मुलगा बोलतोय असं सांगून लुबाडणारे फोन येतात, म्हणून पोलिसांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय : फोन उचलू नका, यंत्राला बोलू द्या. ती पत्रकं घरोघर मीच चिकटवली होती. आयुष्यभर यंत्रांशी घालवलेल्या काकांना त्या यंत्राशी काय बोलावं ते सुचलं नाही. सुतकातल्या माणसाने एकोणपन्नास दिवस कुणाच्या घराचा उंबरा ओलांडू नये, तेव्हा घरी जाण्याचाही प्रश्न नव्हता. सात तारखेला ती येईलच, तेव्हा सांगू, असं त्यांनीही ठरवलं.

म्हणजे दोघांच्याही मनात सात तारीख. एकाच्या खिळ्यावर पॅकिंग, दुसरीच्या गाडीत वास. दोन्ही घरांत रोज जाणारा माणूस गावात एकच होता. पण पोस्टमनने लिहिलेलं पोचवायचं असतं, आणि कुणीच काही लिहिलं नव्हतं. तेव्हा मी असा काही विचार केला होता असंही नाही. एक जानेवारी तोंडावर होती, माझ्या डोक्यात फक्त गठ्ठे होते.

चार जानेवारीला गुरुवार होता. काय झालं ते मी केंजीकडून ऐकलं, कारण तो घाटात बर्फ काढत होता. दुसऱ्या वळणावर त्याला धूर दिसला. हिरवी गाडी रस्त्याच्या कडेला नीट उभी केलेली, मागचे दिवे लुकलुकत ठेवलेले, जसं शिकवतात तसं. आजी बाहेर पडून दहा पावलं लांब उभी होती. सगळं नियमाने झालं होतं. केंजी गाडीतून उतरून तिच्याकडे धावतोय तोवर ती मागे वळली आणि गाडीत वाकली. सीटवर नव्या वर्षाच्या जेवणाचा डबा होता, एकावर एक तीन खणांचा. काळे घेवडे, अंड्याची गुंडाळी, कानेओंना आवडणारी कमळाची मुळं.

तेवढ्यात बॉनेटखालून भडका आत आला. डबा तिने बाहेर आणला. केंजीने तिला ओढलं तेव्हाही तिने तो आडवा होऊ दिला नाही. शहरातल्या इस्पितळात सात तारखेला ती गेली. इकडे देवळात सुमिएकाकूंचा एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी चालू होता, आणि तिच्यासाठी ठेवलेली बैठक शेवटपर्यंत रिकामी होती.

चौकशी झाली. माणसं आली, जळका सांगाडा पाहिला, काकांचे कागद तपासले. कागदात खोट नव्हती. ऑक्टोबरात गाडी कोरडी होती, थेंब पडत नव्हता, नियमाप्रमाणे पास. गाडी जुनी, कारण नक्की सांगता येत नाही, असं लिहून ती माणसं गेली. काकांनी त्यांना बोल्ट आवळल्याचं सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि लिहून घेतलं नाही. गावानेही तेच केलं. जो तो म्हणे, तुमच्या घरात तसा प्रसंग, तुमचा काय दोष. काका प्रत्येकापुढे वाकत आणि म्हणत, आभारी आहे. रागावणारा एक माणूस त्यांना मिळाला असता तर बरं झालं असतं. कानेओंकडून तशी आशा नव्हती. आश्रमातल्या नर्सने केंजीला सांगितलं की ते अजून गुरुवारी खिडकीशी बसतात, आणि बारा वाजले की आज रस्ता बंद असेल म्हणून स्वतःच उठतात.

आपल्या गॅरेजातच पासिंग करायची सरकारी परवानगी काकांनी मार्चमध्ये परत केली. लोकही मग पासिंगसाठी घाटापलीकडे जायला लागले, आणि गेलेच आहोत तर तेलही तिथेच बदलून यायला लागले. वर्षभर मी त्यांच्या पेटीत टपाल टाकून आत न डोकावता पुढे जात होतो. पेटी गॅरेजच्या दाराला आहे. दार उघडं असलं की खिळा दिसतो. पॅकिंग तिथेच होतं.

सुतक एक वर्षाचं. यंदा काकांनी कार्डं पाठवली. दोनशेबारा नव्हे, चौतीस. छापील काही नाही, लोभही नाही, फक्त ती ओळ. एक जानेवारीला गठ्ठे बांधताना मला माझंच कार्ड सापडलं.

‘पेटीपाशी उभी करतोस तेव्हा खाली ठिपका पडतो. पॅकिंग मागवलंय. तीन तारखेला ये. इसोगाई.’

गेलो. न जाऊन करतो काय? गाडी आत घेतली. काका पूर्वीपेक्षा लहान दिसत होते, गॅरेज तेवढंच स्वच्छ होतं. त्यांनी मला बाकावर बसू दिलं नाही, कंदील धरायला सांगितला. इंजिन गार व्हायची वाट पाहिली. मग वरच्या तारा चिठ्ठ्या लावून बाजूला केल्या, कव्हरचे बोल्ट कडेकडून आत सोडवत आणले, आणि रबरी हातोड्याने झाकणाला दोन हलके ठोके दिले. झाकण उचललं. जुनं पॅकिंग खाचेत चिकटून बसलं होतं. त्यांनी लाकडी पट्टीने ते खरवडलं, लोखंड वापरलं तर खाचेवर ओरखडा उठतो म्हणून. तुकडे माझ्या तळहातावर ठेवले. नखासारखे तुटत होते.

‘दाब,’ ते म्हणाले. मी दाबलं. तुटलं.

‘हे आवळून घट्ट होतं का?’

‘नाही.’

‘नाही,’ ते म्हणाले, आणि खाच पुसायला लागले.

मी तेव्हा बोललो. कार्डावर ओळ लिहू दिली नाही ते त्यांना माहीतच होतं; मी वासाचं सांगितलं. आजी मला डिसेंबरातच म्हणाली होती, मासा भाजल्यासारखा वास येतो. मला पार्सलही ठाऊक होतं. दोन्ही ठाऊक असलेला मीच होतो आणि मी सांगितलं नाही.

काका पुसत राहिले. कोपरे झाले, मधली वर्तुळं झाली. फडकं पालटून परत एकदा कोपरे.

‘बोलली असणार तुझ्याशी,’ ते म्हणाले. ‘तू सगळ्यांशी बोलतोस.’ मग थोड्या वेळाने, ‘ट्यूब दे.’

त्यांनी चार कोपऱ्यांना उडदाच्या दाण्याएवढं फट बुजवायचं सीलंट लावलं, नवं रबर खाचेत बसवलं आणि सबंध कडेवरून नख नसलेला अंगठा फिरवला. झाकण ठेवलं. बोल्ट मधून कडेकडे, आलटून पालटून, आधी हाताने, मग पान्याने. शेवटचा फेरा त्यांनी माझ्याकडून करून घेतला. पान्यावर जोराचा आकडा लावून ठेवतात, तेवढं आवळलं की तो टक् असा वाजतो; वाजला की सोडायचं. सातवा बोल्ट वाजल्यावर माझा हात सवयीने आणखी थोडा जोर लावायला गेला. त्यांनी माझं मनगट धरलं. जोरात धरलं, आणि बराच वेळ सोडलं नाही.

मग म्हणाले, ‘वाजला ना?’

‘वाजला.’

इंजिन चालू केलं. अर्धा तास आम्ही दोघं वाकून बघत होतो. कोरडं होतं. आजूबाजूला मात्र जुन्या तेलाचा काळा थर, त्यावर धूळ, कुठेकुठे वाळकी पानं. वाफेचं यंत्र कोपऱ्यात होतं. त्याच्यावर गोणपाट टाकलेलं, आणि गोणपाटावर वर्षभराची धूळ. त्या गॅरेजात धूळ असलेली ती एकच वस्तू.

धरून उभा होतो तो कंदील मी खाली ठेवला आणि सवयीने विचारलं, धुणार ना?

‘नाही,’ काका म्हणाले. ‘पाइपवरचं पुसलं तेवढं बास. बाकी घाण राहू दे. गळलं तर त्यात ओली रेघ दिसते.’

बॉनेट त्यांनी स्वतः लावलं नाही. ते मला लावायला लावलं. आधी नीट बघून घे म्हणाले, आत्ता कसं दिसतंय ते लक्षात ठेव. दर गुरुवारी उघडून बघायचं. ओलं दिसलं तर त्याच दिवशी यायचं, ‘माझ्या घरात कोणी मेलेलं असलं तरी,’ म्हणाले.

मी हो म्हणालो. गाडी मागे घेताना दार पूर्ण उघडं होतं, खिळा दिसत होता. सोनोबेंची चिठ्ठी पिवळी पडली होती. खाली रबर लोंबत होतं, थंडीने जरा आखडलेलं.